सांकेतिक भाषांची स्वनिमव्यवस्था आणि भेदक लक्षणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिथे आवाजच नाही, तिथे स्वनिमांचा विचार कसा करणार?

'स्वनिम' या शब्दातच 'स्वन' म्हणजे ध्वनी असल्यामुळे ही शंका साहजिक आहे. मात्र भाषावैज्ञानिक या नावाखाली ज्याचा अभ्यास करतात, ते ध्वनी नसून एक विशिष्ट प्रकारची रचना असते. स्वतःला कोणताही अर्थ नसलेले मोजके घटक घ्यायचे आणि त्यांच्या जुळणीतून हजारो अर्थपूर्ण शब्द घडवायचे, अशी ती रचना आहे. 'काल' आणि 'गाल' हे दोन शब्द पाहा. 'क'ला अर्थ नाही आणि 'ग'लाही नाही, तरी एकाच्या जागी दुसरा आला की शब्द बदलतो. असेच निरर्थक पण अर्थभेद घडवणारे घटक कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषांमध्येही सापडतात. फरक इतकाच की ते तोंडाने उच्चारलेले नसतात, हातांनी, चेहऱ्याने आणि शरीराने घडवलेले असतात. या घटकांसाठी ग्रीक भाषेतील 'हात' या अर्थाच्या शब्दावरून 'चेरीम' अशी स्वतंत्र संज्ञा सुरुवातीला घडवली गेली होती. ती पुढे मागे पडली आणि बोलीभाषांसाठी, म्हणजे तोंडाने बोलल्या जाणाऱ्या भाषांसाठी, वापरली जाणारी संज्ञाच येथेही रूढ झाली. त्यामुळे नवख्या वाचकाचा थोडा गोंधळ होतो, पण दोन्हीकडची व्यवस्था एकाच जातीची आहे हे त्यातून स्पष्ट होते, म्हणून ही तडजोड योग्यच म्हणावी लागेल.

हा विचार प्रथम कोणी मांडला?

आधुनिक अभ्यासाची सुरुवात विल्यम स्टोकी यांच्यापासून मानली जाते. 1955 मध्ये ते वॉशिंग्टनमधील, कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यासाठी रुजू झाले आणि 1960 मध्ये त्यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेच्या रचनेवरील आपले विवेचन प्रसिद्ध केले. खुणा म्हणजे हवेत काढलेली अखंड चित्रे आहेत, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. स्टोकी यांनी दाखवले की प्रत्येक खुणेचे हाताचा आकार, स्थान आणि हालचाल अशा तीन अंगांनी पृथक्करण करता येते. डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसह त्यांनी 1965 मध्ये जो कोश सिद्ध केला, त्यात खुणा इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या नव्हत्या, तर त्या खुणांच्याच घटकांनुसार लावलेल्या होत्या. त्यासाठी 55 लेखनचिन्हे योजली होती: 12 स्थानांसाठी, 19 हस्ताकारांसाठी आणि 24 हालचालींसाठी. हा क्रम हाच त्या कोशाचा खरा युक्तिवाद होता असे म्हणता येईल, कारण ज्या गोष्टीचे घटक पाडता येत नाहीत तिचा अनुक्रमही लावता येत नाही.

स्टोकी यांच्या कितीतरी आधी, 1825 मध्ये, ओग्युस्त बेबियाँ या फ्रेंच शिक्षकाने खुणा घटकशः लिहून ठेवण्याची एक पद्धत सुचवली होती, हेही येथे नोंदवायला हवे.

एका खुणेत कोणकोणते घटक असतात?

आज सामान्यतः पाच अंगे मानली जातात: हस्ताकार, स्थान, हालचाल, तळहाताचा व बोटांचा रोख आणि हाताव्यतिरिक्तची अंगे, म्हणजे भुवया, ओठ, जीभ, मान यांची स्थिती. यांपैकी रोखाची भर 1970 च्या दशकात पडली. त्यात रॉबिन बॅटिसन यांचा वाटा मोठा होता.

एखादे अंग खरोखर भेदक आहे की नाही, हे लघुतम युग्मांवरून ठरते, म्हणजे केवळ त्या एका अंगाने वेगळ्या असणाऱ्या खुणांच्या जोडीवरून. पुढील उदाहरणे अमेरिकन सांकेतिक भाषेतील आहेत, कारण तिचा अभ्यास सर्वांत जास्त झालेला आहे. बोटे पसरलेल्या हाताचा अंगठा हनुवटीला टेकवला की 'आई' आणि कपाळाला टेकवला की 'वडील'. येथे फक्त स्थान बदलते. तर्जनी वाकवत आडवी ओढण्याची क्रिया कपाळापाशी केली तर 'उन्हाळा', नाकापाशी केली तर 'कुरूप' आणि हनुवटीपाशी केली तर 'कोरडे' असा अर्थ होतो. एका हाताची दोन बोटे दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर टेकवली तर 'खुर्ची' आणि त्यांवरून पुढेमागे घासली तर 'आगगाडी', म्हणजे येथे भेद हालचालीचा आहे. सपाट हात बाजूला सरकवत हलके उसळवताना तळवा वर असेल तर 'वस्तू' आणि खाली असेल तर 'मुले' हा अर्थ होतो, आणि हा भेद रोखाचा. 'उशिरा' आणि 'अजून नाही' या दोन खुणांत हातांची क्रिया सारखीच असते. दुसऱ्या खुणेत जीभ किंचित बाहेर येते, एवढाच फरक.

मग 'भेदक लक्षण' म्हणजे काय? ते या घटकांहून वेगळे कसे?

देवनागरी वर्णमाला शिकलेल्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण ती वर्णमाला मुळात लक्षणांवरच रचलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे पाच वर्ग, आणि प्रत्येक वर्गात अघोष-सघोष, अल्पप्राण-महाप्राण व अनुनासिक अशी मांडणी. क आणि ग यांच्यात जो फरक आहे तोच च-ज, ट-ड, त-द आणि प-ब यांच्यातही आहे, तो म्हणजे घोष, अर्थात उच्चारताना होणारे स्वरतंतूंचे कंपन. व्यंजनांच्या या पाच जोड्या एकाच लक्षणाने उलगडतात. याचा उपयोग केवळ वर्गीकरणापुरता नाही. 'जगत्' आणि 'ईश' मिळून 'जगदीश' होतो, 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' होतो आणि 'षट्' व 'आनन' मिळून 'षडानन' होतो. हे तीन वेगळे नियम नसून 'स्वरापूर्वी पदान्तीचे अघोष व्यंजन सघोष होते' हा एकच नियम आहे, आणि तो मांडण्यासाठी अक्षरांखालच्या पातळीवर उतरावे लागते.

हस्ताकारांचेही असेच आहे. ते वरवर पाहता अखंड वाटतात आणि त्यांची लांबलचक यादी करता येते, पण प्रत्येक आकार निदान दोन प्रश्नांच्या उत्तरांतून सिद्ध होतो: कोणती बोटे सक्रिय आहेत, आणि त्यांचे सांधे कोणत्या स्थितीत आहेत. सक्रिय बोटे ताठ, वाकलेली, गोलाकार किंवा मिटलेली असू शकतात, ती एकमेकांना चिकटलेली किंवा फाकलेली असू शकतात, आणि अंगठ्याचा विचार बहुतेक वेळा वेगळा करावा लागतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत तर्जनीचे टोक गालाला लावून हात फिरवला की एक गोड पदार्थ सुचतो आणि तीच तर्जनी आकड्यासारखी वाकवून तीच क्रिया केली की 'सफरचंद' होते. सक्रिय बोट तेच, स्थान तेच, हालचालही तीच. भेद केवळ सांध्याच्या लक्षणाचा आहे. हेच लक्षण दोन बोटांच्या, चार बोटांच्या आणि पाच बोटांच्या आकारांतही ताठ-वाकलेला असा भेद निर्माण करते, अगदी घोष जसा पाचही वर्गांत भेद करतो तसा.

लक्षणांची पातळी मान्य करण्याचे सर्वांत भक्कम कारण नियमांतून मिळते. एका साध्या, म्हणजे सामासिक नसलेल्या, खुणेत सक्रिय बोटांचा एकच संच असतो. खूण चालू असताना मूठ उघडू शकते किंवा ताठ बोटे वाकू शकतात, पण सुरुवातीला तर्जनी सक्रिय आणि शेवटी करंगळी, असे सहसा होत नाही. म्हणजेच खुणेत हस्ताकार बदलतो तेव्हा सांध्यांची लक्षणे बदलतात आणि बोटांची लक्षणे कायम राहतात. हस्ताकार हा अविभाज्य घटक मानला तर हा नियम सांगताच येत नाही.

बोलीतील शब्दात ध्वनी एकामागून एक येतात. खुणेत मात्र सगळे एकाच वेळी घडते, हे खरे का?

अर्धेच खरे आहे. स्टोकी यांचा भर समकालिकतेवर होता आणि तो चुकीचा नव्हता. आकार, स्थान आणि हालचाल एकाच क्षणी डोळ्यांसमोर असतात. स्कॉट लिडेल आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी मात्र 1980 च्या दशकात दाखवले की खुणेला आरंभ, मध्य आणि शेवट असतो आणि काही नियमांना हा क्रम विचारात घ्यावाच लागतो. त्यांच्या प्रतिमानात खूण ही स्थिरता आणि हालचाल यांच्या साखळीतून बनते. वेंडी सँडलर यांनी यातून मधला मार्ग काढला: हाताचा आकार हा संपूर्ण खुणेवर पसरलेला स्वतंत्र स्तर आहे आणि त्याखाली स्थान व हालचाल क्रमाने येतात. डायान ब्रेंटारी यांनी 1998 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात लक्षणांचे दोन गट पडतात: खूण चालू असताना न बदलणारी अंगभूत लक्षणे आणि हालचालीतून प्रकट होणारी, बदलणारी लक्षणे.

या प्रतिमानांतील वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही. तरी एका बाबतीत बरीच सहमती आहे: हालचाल हा खुणेतील अक्षराचा, म्हणजे उच्चाराच्या एका एककाचा, गाभा असतो, आणि बहुसंख्य खुणा अशा एकाच अक्षराच्या असतात. एक खूण करायला एका उच्चारित शब्दाच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो, कारण जिभेच्या तुलनेत हात अवजड अवयव आहे. तरीही एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांच्या मापनांत एक पूर्ण विधान सांगायला दोन्ही प्रकारच्या भाषांना साधारण सारखाच वेळ लागल्याचे दिसले. एकाच वेळी अनेक लक्षणे वाहून नेण्याची सोय असल्यामुळे ही भरपाई होते.

दोन हात आहेत, म्हणजे शक्यताही दुप्पट होतात का?

होत नाहीत, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे. बॅटिसन यांनी दोन निर्बंध मांडले. दोन्ही हात स्वतंत्रपणे हलत असतील, तर दोघांचा आकार सारखा असावा लागतो आणि हालचालही सारखी किंवा आलटून-पालटून व्हावी लागते. दोन्ही हातांचे आकार वेगळे असतील, तर एकच हात हलतो, दुसरा आधारासारखा स्थिर राहतो, आणि त्या स्थिर हाताला सात मूलभूत आकारांपैकीच एक घ्यावा लागतो. बंद मुठीची दोन रूपे, सपाट हात, फाकलेली पाच बोटे, एकटी तर्जनी, अर्धगोल आणि पूर्ण गोल, असे हे सात आकार आहेत. दुसऱ्या हाताकडे त्यामुळे स्वतःची अशी फार थोडी माहिती उरते. एका हाताने वर्तुळ काढता काढता दुसऱ्या हाताने चौकोन काढून पाहावा, म्हणजे या निर्बंधांमागे शरीराची मर्यादाही आहे हे लगेच पटेल. पण ही केवळ शारीरिक मर्यादा नाही. प्रयत्नाने जमणाऱ्या कितीतरी जुळण्या भाषा नाकारते, आणि त्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीला तशी बनावट खूण दाखवली तर ती 'असे होतच नाही' असे सांगते. मराठी भाषकाला 'टिमळ' हा शब्द अर्थहीन पण शक्य वाटतो आणि 'ङ्टप' अशक्य वाटतो, त्यासारखेच हे आहे.

काही हस्ताकार सगळीकडे आढळतात आणि काही क्वचितच, असे का?

हाताच्या शरीररचनेत याचे बरेचसे उत्तर आहे. तर्जनी आणि करंगळी यांना ताठ करणारे त्यांचे स्वतंत्र स्नायू आहेत. अनामिकेला तसा स्नायू नाही, म्हणून ती एकटी उभी करणे कठीण जाते. वर उल्लेखलेले सात मूलभूत आकार करायला सोपे आणि ओळखायला स्पष्ट असतात, मुले ते आधी आत्मसात करतात आणि कठीण आकारांच्या जागीही तेच वापरतात. पाहणाऱ्याची दृष्टीही येथे काम करते. खुणा पाहणारी व्यक्ती हातांकडे नव्हे तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत असते. त्यामुळे चेहऱ्याच्या आसपास दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते आणि तेथे स्थानांचे बारीक भेद चालतात. छातीखालच्या भागात स्थाने विरळ होतात.

खुणा तर वस्तूंसारख्याच दिसतात. मग त्यांना निरर्थक घटकांची व्यवस्था कशी म्हणता येईल?

हा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे आणि त्याला घाईने उडवून लावणे बरोबर नाही. अनेक खुणांमध्ये वस्तूशी साम्य असते, हे मान्यच करायला हवे. पण साम्य असले म्हणून रूप ठरत नाही. 'झाड' दाखवण्यासाठी अमेरिकन सांकेतिक भाषेत कोपरापासून हात उभा धरून बोटे पसरतात, डॅनिश भाषेत दोन्ही हातांनी झाडाची बाह्यरेषा काढतात आणि चिनी भाषेत खोडाभोवती हात धरल्यासारखे करून ते वर नेतात. तिन्ही खुणा झाडासारख्या दिसतात, तरी एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, आणि प्रत्येक खूण त्या त्या भाषेच्या लक्षणांच्या चौकटीत बसवलेली आहे.

शिवाय काळाच्या ओघात साम्य आणि व्यवस्था यांच्यात संघर्ष झाला की बहुधा व्यवस्था जिंकते. अमेरिकन भाषेतील 'घर' ही खूण मुळात 'खाणे' आणि 'झोपणे' यांचा समास होती: बोटे जुळवून तोंडाशी नेणे आणि नंतर उघडा तळवा गालाला लावणे. आज दोन्ही भागांत जुळवलेल्या बोटांचा एकच आकार राहिला आहे आणि हात तोंडाजवळून गालावर सरकतो, एवढेच. खाणे आणि झोपणे दोन्ही त्यातून हरवले, पण 'एका खुणेत सक्रिय बोटांचा एकच संच' हा नियम मात्र पाळला गेला. नॅन्सी फ्रिशबर्ग यांनी 1975 मध्ये जुन्या आणि नव्या खुणांची तुलना करून हीच प्रवृत्ती दाखवली: खुणा अधिक सममित, अधिक मध्यवर्ती आणि मूळ चित्रापासून अधिक दूर होत जातात.

तरीही सांकेतिक भाषांत अर्थ आणि रूप यांच्यातील पडदा बोलीभाषांपेक्षा पातळ असतो. ब्रिटिश सांकेतिक भाषेत उभा अंगठा अनेक चांगल्या अर्थांच्या खुणांत आणि करंगळी वाईट अर्थांच्या खुणांत दिसते. असा हस्ताकार निव्वळ भेदक घटक मानायचा की अर्थाचा वाहक, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि माझ्या मते एकच उत्तर सगळ्या खुणांना लागू करण्याचा हट्ट धरू नये.

ही लक्षणे अभ्यासकांच्या कागदावरच आहेत, की खुणा करणाऱ्यांच्या मनातही असतात?

मनातही असतात, असे मानायला अनेक स्वतंत्र पुरावे आहेत. बोलताना जीभ घसरते तसा खुणा करताना हात घसरतो. क्लिमा, बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 131 चुका गोळा केल्या होत्या. त्यांत संपूर्ण खुणांची अदलाबदल क्वचित होती; बहुतेक वेळा एका खुणेचा केवळ हस्ताकार, स्थान किंवा हालचाल दुसरीत शिरली होती, आणि त्यांतही हस्ताकाराच्या चुका सर्वाधिक होत्या. चुकून तयार झालेल्या खुणाही बहुतांशी त्या भाषेत शक्य अशाच होत्या. खुणांची यादी आठवून सांगण्याच्या प्रयोगांत कर्णबधिर व्यक्तींनी एका खुणेऐवजी दुसरी सांगितली, तेव्हा ती अर्थाने नव्हे तर रूपाने जवळची होती.

शब्द ओठांवर येऊन अडतो, तशी खूण बोटांवर येऊन अडते. अशा वेळी हस्ताकार, स्थान आणि रोख आठवतो, पण हालचाल मात्र सर्वांत कमी आठवते, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या काही कर्णबधिर रुग्णांकडून खुणेत चुकीचा हस्ताकार किंवा चुकीची हालचाल होते; भाषेशी संबंध नसलेले साधे हावभाव मात्र त्यांतले काही जण नीट करू शकतात.

सर्व सांकेतिक भाषांची लक्षणे एकसारखीच असतात का?

शक्यतांचा साठा सामाईक असतो, पण प्रत्येक भाषेची निवड वेगळी असते. जपानी सांकेतिक भाषेत एकटे उभे मधले बोट 'थोरला भाऊ' या नेहमीच्या खुणेत येते. अमेरिकन भाषेत तो आकार सामान्य शब्दसंग्रहात वापरला जात नाही. बोटांनी अक्षरे लिहिण्याची पद्धत अमेरिकेत एका हाताची आहे, ब्रिटनमध्ये दोन हातांची. अमेरिकन अक्षरांत मुठीवर अंगठा नेमका कोठे आहे यावरून अक्षर बदलते, पण सामान्य खुणांत अंगठ्याच्या जागेचा तोच फरक बहुधा भेदक नसतो, म्हणजे तेथे ती एकाच आकाराची स्वनांतरे, अर्थात अर्थ न बदलणारी रूपे, ठरतात. दुसरी सांकेतिक भाषा मोठेपणी शिकणाऱ्याच्या हाताला परका हेल येतो, तो अशाच बारीक सवयींमुळे.

खुणा करताना कुजबुज किंवा आरडाओरडा करता येतो का?

होय. दूरवर दिसावे म्हणून खूण खांद्यापासून आणि कोपरापासून केली जाते, कुजबुजताना तीच मनगटात किंवा बोटांच्या सांध्यांत आक्रसते. सहज संभाषणात कपाळावरच्या खुणा गालाकडे उतरतात आणि सममित खुणांतला एक हात गळून पडतो. शब्द मात्र तोच राहतो, कारण भेदक लक्षणे शाबूत असतात.

नव्याने जन्मलेल्या सांकेतिक भाषेत ही व्यवस्था पहिल्यापासून असते का?

नसावी, असे दिसते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील अल-सय्यिद या बेदुइन वस्तीत आनुवंशिक बहिरेपणामुळे विसाव्या शतकात एक सांकेतिक भाषा आपोआप निर्माण झाली. सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की तिला वाक्यरचना होती आणि ती रोजच्या सर्व गरजा भागवत होती, पण तिच्यात स्पष्ट लघुतम युग्मे सापडत नव्हती आणि एकच खूण वेगवेगळ्या व्यक्ती वेगवेगळ्या आकारांनी करत होत्या. मात्र काही ठिकाणी व्यवस्थेची चाहूल लागत होती. 'अंडे' या अर्थाचा समास 'कोंबडी' आणि 'लहान गोल वस्तू' अशा दोन खुणांचा आहे; एका कुटुंबात त्याच्या पहिल्या भागाचा हस्ताकार दुसऱ्या भागाप्रमाणे बदललेला आढळला. कोंबडीच्या चोचीचे चित्र त्यामुळे बिघडते, पण उच्चार सुलभ होतो.

लहान मुले हे कसे शिकतात?

लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी 1991 मध्ये नोंदवले की खुणा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळे हातांनी बडबडतात: अर्थ नसलेल्या, पण भाषेतील घटकांपासून बनलेल्या लयबद्ध हालचाली करतात. शिकण्याच्या क्रमात स्थान सर्वांत आधी बिनचूक होते आणि हस्ताकार सर्वांत उशिरा. बोटांच्या सांध्यांवर ताबा येईपर्यंत मूल तीच खूण मोठ्या सांध्यांनी करते.

दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशा व्यक्तींच्या भाषेचे काय?

अमेरिकेतील दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेल्या व्यक्तींच्या समुदायात गेल्या काही वर्षांत 'प्रोटॅक्टाइल' नावाची स्पर्शाची भाषा आकाराला येत आहे. तिच्यात अमेरिकन सांकेतिक भाषेतील खुणा जशाच्या तशा तळहातावर उतरवलेल्या नाहीत. खूण हवेत न करता ऐकणाऱ्याच्या दंडावर, मांडीवर किंवा हातावर केली जाते आणि ऐकणाऱ्याचा हातही उच्चारणात भाग घेतो. टेरा एडवर्ड्स आणि डायान ब्रेंटारी यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या भाषेत बोलणाऱ्याचे दोन हात आणि ऐकणाऱ्याचे दोन हात अशा चारही हातांना ठरावीक कामे वाटून दिलेली असून, कोणत्या हाताने काय करायचे याचे स्वतःचे निर्बंध तयार होऊ लागले आहेत.